काटा पास, एक्सल नापास: २० फुटी डब्याच्या एका ट्रेलरचे प्रकरण

चाकणहून न्हावा शेवाला निर्यातीचा माल नेणारी एक गाडी. पुढे दोन एक्सलचा घोडा (ट्रेलर ओढणारा इंजिन-केबिनचा भाग), मागे तीन एक्सलचा ४० फुटी सांगाडा ट्रेलर, त्यावर २० फुटी डबा (कंटेनर) आणि डब्यात फोर्जिंगचे सुटे भाग. चार महिन्यांत तीन टायर फुटले. तिन्ही घोड्याच्या मागच्या एक्सलचे आणि तिन्ही जोडटायरमधले आतले. मधल्या काळात त्याच एक्सलच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचा) सेंटर बोल्टही एकदा तुटला. काटापावती, म्हणजे वजनकाट्याची पावती, मात्र दर फेरीला स्वच्छ होती. एकूण वजन ४१,४०० किलो, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) मर्यादा ४५,५०० किलो, म्हणजे चार टनांहून जास्त जागा शिल्लक. त्यामुळे दोष कधी टायरच्या कंपनीला लागला, कधी ड्रायव्हरला, कधी रस्त्याला.

दोष वजनातच होता. तो किती वजन यात नव्हता, वजन कुठे बसले यात होता. खालची मापे आणि वजने या धंद्यात नेहमी दिसणाऱ्या जोडीची घेतली आहेत. आपल्या गाडीची मापे घालून हा हिशेब कोणालाही करता येईल, आणि प्रत्येक मालकाने तो एकदा तरी करावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

आरसीवरचा आकडा कशाचा बनतो

४५,५०० हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने प्रत्येक एक्सलची सुरक्षित वजनमर्यादा वाढवली. दोन टायरच्या एकेरी एक्सलला ६ टनांऐवजी ७ टन, चार टायरच्या एकेरी एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन आणि बारा टायरच्या तिहेरी एक्सलला २४ ऐवजी २७ टन. ७, ११.५ आणि २७ यांची बेरीज ४५.५. जुन्या हिशेबात हीच गाडी ४०.२ टनांची होती. आधीच्या नोंदणीची गाडी असेल तर नवे कोष्टक पाहून माल भरू नये. आपल्या आरसीवर जे छापले आहे तेच धरावे.

म्हणजे एकूण मर्यादा ही तीन मर्यादांची बेरीज आहे. बेरीज बरोबर आली म्हणून तिन्ही आकडे बरोबर आले असे होत नाही. आरसीत एक्सलनिहाय वजनाचे रकानेही असतात, पण काट्यावर कोणी त्यांच्याकडे बघत नाही, कारण काटा एकच आकडा देतो. दंडाचा धाकही त्या एका आकड्यालाच चिकटला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आणि शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च. एकूण वजन मर्यादेत असले की मालक निश्चिंत होतो. टायर, बेअरिंग आणि पाट्यांना मात्र पावती वाचता येत नाही. त्यांच्या वाट्याला जेवढे वजन आले, तेवढेच त्यांना कळते.

फुटलेल्या टायरने काय सांगितले

तिसरा टायर रिममधून काढला तेव्हा आतल्या अस्तरावर साइडवॉलच्या कडेने गोल फिरलेली सुरकुती होती आणि टायरच्या पोटात ओंजळभर काळी रबराची भुकटी साचली होती. खिळा लागून फुटलेला टायर असा दिसत नाही. साइडवॉल दर फेऱ्याला गरजेपेक्षा जास्त वाकत राहिली, तापली आणि आतून झिजत गेली की अशी भुकटी होते. याची कारणे दोनच, हवा कमी किंवा वजन जास्त. परिणाम एकच असल्याने गॅरेजमध्ये नेहमी पहिल्या कारणावरच बोट ठेवले जाते.

टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, वाचला. १०.०० आर २० चा टायर, त्यावर १४६/१४३ के. यातला १४६ एकेरी टायरसाठी, म्हणजे ३,००० किलो. १४३ जोडटायरसाठी, म्हणजे २,७२५ किलो. के म्हणजे ताशी ११० किलोमीटरपर्यंत. मागच्या एक्सलला चार टायर, म्हणून २,७२५ गुणिले ४ बरोबर १०,९०० किलो. एक्सलची कायदेशीर मर्यादा ११,५०० आहे आणि तिच्यावर बसवलेले टायर १०,९०० चे आहेत. गाडी पूर्ण कायदेशीर भरली असती तरी टायर कमीच पडले असते. त्याच मापात १४९/१४६ चा टायर मिळतो. जोडीत तो ३,००० किलो पेलतो, म्हणजे चार टायरचे १२,००० किलो. टायर घेताना दुकानात माप आणि नक्षी पाहिली जाते, हे दोन आकडे कोणी वाचत नाही. २०१८ नंतर तर ते वाचल्याशिवाय टायर घेऊच नये.

आतलाच टायर का फुटतो, यालाही कारण आहे. आतला टायर ब्रेक ड्रमच्या अंगाला असतो, त्याला वारा कमी मिळतो आणि घाटात ड्रमची धग आधी त्याच्या रिमला लागते. त्याचा वाल्व हाताला नीट येत नाही, म्हणून हवा तपासली जाते ती बाहेरच्याची, आणि आतल्याची हातोडी मारून आवाजावर ठरते. हातोडीने पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो, १५ पीएसआय कमी असलेला ओळखता येत नाही. त्यात बाहेरचा टायर नवा आणि आतला घासलेला असेल, किंवा उलट असेल, तर व्यासाने मोठा टायर दोघांचे वजन एकटा ओढतो.

काट्यावर एक्सल वेगळे करणे

एक्सलनिहाय वजन करायला वेगळा काटा लागत नाही. लांब प्लॅटफॉर्मचा नेहमीचा काटा पुरतो, फक्त एकाऐवजी तीन नोंदी घ्याव्या लागतात. आधी फक्त पुढची चाके प्लॅटफॉर्मवर घेऊन थांबायचे आणि आकडा घ्यायचा. मग घोड्याची मागची चाके वर येईपर्यंत पुढे सरकायचे, ट्रेलरची चाके जमिनीवरच ठेवायची आणि दुसरा आकडा घ्यायचा. शेवटी सगळी गाडी वर. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ड्राइव्ह एक्सल, म्हणजे घोड्याचा मागचा एक्सल, मिळतो, तिसऱ्यातून दुसरा वजा केला की ट्रेलरची बोगी, म्हणजे त्याचे तिन्ही एक्सल मिळून.

दोन गोष्टी सांभाळायच्या. काट्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता प्लॅटफॉर्मच्या पातळीत हवा. एक बाजू चार बोटे खाली असेल तर गाडी वाकडी उभी राहते आणि वजन एका एक्सलवरून दुसऱ्यावर सरकते. दुसरे म्हणजे आकडा घेताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक सोडलेले हवेत. ब्रेक दाबून थांबले की पाटे ताणलेले राहतात आणि वाचन फसवे येते. खात्रीसाठी गाडी उलट बाजूने चढवून पुन्हा वजन करावे. दोन्ही वेळचे आकडे जुळले तर ठीक, मोठा फरक आला तर काटा बदलावा.

या गाडीचे आकडे असे आले:

पहिली नोंद ६,२२० किलो.
दुसरी नोंद १८,८७० किलो.
तिसरी नोंद ४१,४०० किलो.

म्हणजे पुढचा एक्सल ६.२२ टन, मर्यादा ७. बोगी २२.५३ टन, मर्यादा २७. आणि ड्राइव्ह एक्सल १२.६५ टन, मर्यादा ११.५. बोगीवर साडेचार टनांची जागा मोकळी पडली होती आणि शेजारच्या एक्सलवर ११५० किलो जादा. एका टायरच्या वाट्याला ३,१६० किलो, आणि त्याची ताकद २,७२५. प्रत्येक टायर १६ टक्के जादा ओझे घेऊन खंडाळ्याचा घाट उतरत होता.

ड्राइव्ह एक्सल १० टक्के जादा ही बाब किरकोळ वाटेल. रस्त्याच्या बाबतीत ती तशी नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये झालेल्या रस्ता-चाचण्यांपासून रस्त्याची झीज एक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातात धरली जाते. १.१ चा चौथा घात १.४६ येतो. म्हणजे हा एकटा एक्सल रस्त्याचे जवळपास दीडपट नुकसान करत होता, तेही पावती स्वच्छ असताना.

वजन पुढे का गेले

हिशेब तराजूच्या दांडीचा आहे. ट्रेलर दोन ठिकाणी टेकतो, पुढे किंगपिनवर (घोड्यात अडकणाऱ्या खुंटीवर) आणि मागे बोगीवर. तीन एक्सलची बोगी असेल तर मधला एक्सल हा तिचा मध्य धरायचा. या ट्रेलरवर किंगपिन ते मधला एक्सल हे अंतर ८ मीटर. डबा मधल्या ट्विस्ट लॉकवर (डबा ट्रेलरला जखडणाऱ्या फिरत्या खिळीवर) बसवला होता आणि त्याचा मध्य किंगपिनपासून ५.२ मीटरवर, म्हणजे बोगीच्या मध्यापासून २.८ मीटर पुढे होता. डबा मालासकट २८.२ टन. किंगपिनवरचा वाटा काढायला २८.२ ला २.८ ने गुणून ८ ने भागायचे. ९.८७ टन येतात. रिकाम्या ट्रेलरचे १.८ टन किंगपिनवर आधीच होते. एकूण ११.६७ टन.

आता हे ११.६७ टन घोड्यावर कसे वाटले जातात ते पाहू. घोड्याचा व्हीलबेस, म्हणजे दोन एक्सलमधले अंतर, ३.६ मीटर आणि फिफ्थ व्हीलचा (घोड्यावरच्या ज्या जोडणीत किंगपिन अडकते तिचा) मध्य मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे. ०.५ भागिले ३.६, म्हणजे सुमारे १४ टक्के वजन पुढच्या एक्सलवर आणि ८६ टक्के मागच्यावर. नुसता घोडा ड्रायव्हर आणि डिझेलसकट ७.२ टन, पुढे ४.६ आणि मागे २.६. पुढे १.६२ मिळवले की ६.२२, मागे १०.०५ मिळवले की १२.६५. कागदावरचे आकडे काट्याशी जुळले, तेव्हा मापे बरोबर घेतली आहेत याची खात्री झाली. मापे घेताना टेप किंगपिनच्या मध्यापासून मधल्या हबच्या मध्यापर्यंत सरळ धरावी. ट्रेलर जोडलेला असेल तर किंगपिन दिसत नाही, म्हणून सुटा असतानाच मोजून ठेवावे आणि आकडा केबिनमध्ये लिहून ठेवावा.

खरे कारण आणखी मागे जाते. हा ट्रेलर तीन एक्सलच्या घोड्याबरोबर चालेल अशा बेताने बनवला होता. त्यात बोगी मागे ठेवलेली असते, कारण दुहेरी ड्राइव्ह एक्सल २१ टन पेलतो आणि किंगपिनवर जास्त वजन टाकलेले त्याला चालते. मालकाने ट्रेलर जुना घेतला आणि जवळ असलेल्या दोन एक्सलच्या घोड्याला जोडला. किंगपिन बसली, हवेच्या नळ्या बसल्या, दिवे लागले. जोडी लागली म्हणून जोडी जमली असे मात्र होत नाही.

डब्याची जागा ठरली ती रिकाम्या डब्यांच्या यार्डात. तिथे डबा फक्त २.२ टनांचा असतो. क्रेनवाला जे लॉक समोर दिसते त्यावर डबा ठेवतो आणि ड्रायव्हर लॉक फिरवून निघतो. माल कारखान्यात भरला जातो, आणि तोवर जागा बदलायला क्रेन नसते. जी चूक तीस हजार किलोला महाग पडते ती दोन हजार किलोवर होऊन जाते.

डब्याच्या आतही वजन पुढे झुकले होते. फोर्कलिफ्ट दारातून आत जाते, पहिली जड पॅलेट बंद टोकाला टेकवते आणि शेवटी दाराजवळ मोकळी जागा सुटते. डब्याचे दार ट्रेलरवर मागे असते, म्हणजे बंद टोक घोड्याकडे. या डब्यात तफावत लहान होती. पण ती किती महाग पडते पाहा. २६ टन मालाचा गुरुत्वमध्य ३० सेंटीमीटर पुढे गेला तर किंगपिनवर जवळपास एक टन वाढतो आणि ड्राइव्ह एक्सलवर ८४० किलो. एक वीत पुढे गेली तरी अर्ध्या टनाहून जास्त फरक पडतो. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या डब्याला पडताळलेले वजन, म्हणजे व्हीजीएम, सक्तीचे आहे. पण व्हीजीएम डब्यात किती आहे ते सांगते, कुठे आहे ते सांगत नाही.

आधी केलेले चुकीचे उपाय

सेंटर बोल्ट तुटला तेव्हा ड्राइव्ह एक्सलला एक पाटा वाढवला गेला. हा उपाय सर्रास होतो आणि तो घातक आहे. पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही, म्हणून ओझे कमी झाल्यासारखे दिसते. एक्सलचे घर, हब बेअरिंग, ब्रेक आणि टायर मात्र तेच राहतात. उलट मागची बाजू उंच झाल्याने फिफ्थ व्हील वर जाते, ट्रेलरचे नाक उचलले जाते आणि बोगीच्या तीन एक्सलमध्ये मागच्यावर जास्त भार जातो. ट्रेलर सपाट जमिनीवर, भरलेला आणि जोडलेला असताना चासीची उंची पुढे आणि मागे टेपने मोजावी. दोन्ही जवळपास सारखी हवी.

दुसरा उपाय हवा वाढवण्याचा. बनवणाऱ्याने सांगितलेल्या दाबाच्या पलीकडे हवा भरली की टायरचा लोड इंडेक्स वाढत नाही. टायर फक्त कडक होतो, मधून घासतो आणि खड्ड्यात लवकर तडकतो.

तिसरा उपाय जास्त हुशारीचा होता, फिफ्थ व्हील पुढे सरकवण्याचा. सरकपट्टी असलेल्या घोड्यावर हे करता येते. हिशेब करून पाहिला. फिफ्थ व्हील मागच्या एक्सलच्या ०.७ मीटर पुढे घेतले तर पुढचा एक्सल ६.८७ आणि मागचा १२.०. अजून अर्धा टन जादा. ०.८ मीटर घेतले तर पुढचा एक्सलच ७.१९ होऊन मर्यादा ओलांडतो. आकड्यांची ओढाताण करायची गरजही नाही. घोड्याचे स्वतःचे ७.२ आणि किंगपिनचे ११.६७ मिळून १८.८७ टन होतात, आणि त्याच्या दोन्ही एक्सलची मर्यादा मिळून १८.५ आहे. फिफ्थ व्हील कुठेही नेले तरी १८.८७ चे १८.५ होणार नाहीत. किंगपिनवरचे वजनच कमी केले पाहिजे.

डबा कुठे बसवावा

डबा अगदी मागच्या लॉकवर ठेवला तर काय होते? त्याचा मध्य ८.२७ मीटरवर जातो, बोगीच्या मध्याच्याही मागे. किंगपिनवर उरतात जेमतेम ०.८५ टन, ड्राइव्ह एक्सलवर ३.३३ आणि बोगीवर ३३.३५ टन. बोगी सहा टनांहून जास्त ओव्हरलोड. ड्राइव्ह चाकांवर एवढे कमी वजन की पावसात ती जागच्या जागी फिरतील, आणि उतारावर ब्रेक लागताच घोडा आडवा होऊन ट्रेलर त्याला ढकलेल. अगदी पुढच्या लॉकवर ठेवला तर किंगपिनवर २२.५ टन आणि ड्राइव्ह एक्सलवर जवळपास २२ टन. फिफ्थ व्हीलच्या पट्टीवर उभ्या भाराची मर्यादा २० टन छापली होती, तीही मोडते.

खिडकी या दोन्हींच्या मध्ये आहे. ड्राइव्ह एक्सल ११.५ मध्ये ठेवायला डब्याचा मध्य ५.५८ मीटरच्या मागे हवा. बोगी २७ मध्ये ठेवायला तो ६.४७ च्या पुढे हवा. म्हणजे ९० सेंटीमीटरची जागा. ५.८ वर ठेवला तर ड्राइव्ह एक्सल १०.८३, पकडीच्या दृष्टीने चांगला. पण माल ३० सेंटीमीटर पुढे भरला गेला की लगेच ११.६७. म्हणून ६.० मीटर निवडले. तिथे पुढचा एक्सल ५.८३, ड्राइव्ह १०.२२ आणि बोगी २५.३५. माल वीतभर इकडे तिकडे झाला तरी कोणताच एक्सल ओलांडत नाही. ड्राइव्ह चाकांवर एकूण वजनाचा सुमारे पाव हिस्सा राहतो, आणि या गाडीची भरलेली फेरी उताराची असल्याने तेवढा पुरतो. हीच गाडी आयातीचा जड डबा घेऊन पावसाळ्यात घाट चढणार असेल, तर ५.८ चा विचार करावा आणि डब्यातला माल नेमका मध्यावर भरून घ्यावा.

मूळ जागेपासून हा फरक अवघा ८० सेंटीमीटर. तेवढ्याने ड्राइव्ह एक्सलवरचे २.४ टन उतरले.

या जागी लॉक असलेला ट्रेलर लागतो. काही सांगाड्यांवर २० फुटी डब्यासाठी लॉकच्या एकाहून जास्त जागा असतात. नसतील तर गल्लीतल्या वेल्डरकडून आडवा बीम मारून घेऊ नये. मुख्य बीमच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्ड किंवा भोक म्हणजे तड सुरू व्हायला जागा. काम ट्रेलर बनवणाऱ्याकडूनच करावे आणि बदलाची नोंद आरटीओत करावी.

लॉकची सोय होईपर्यंत एकच सरळ मार्ग होता, माल कमी करण्याचा. मधल्या लॉकवर हा डबा मालासकट २४.४ टनांपर्यंतच चालतो, म्हणजे माल २२.२ टन. फेरीला ३.८ टनांचे भाडे जाते आणि ते मालकाला टोचते, हे खरे आहे. पण घाटात फुटणाऱ्या टायरबरोबर जे जाते ते भाड्यात मोजता येत नाही.

जोडणी आणि घाट

जोडणीवर ताण किती येतो तेही तपासले. जोडणीचा डी-आकडा काढताना घोड्याचे भारासह वजन, ट्रेलरचे भारासह वजन आणि किंगपिनवरचा भार घेतात. इथे १८.८७, ३४.२ आणि ११.६७ टन. पहिल्या दोघांचा गुणाकार, भागिले ४१.४ (पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा), मग गुणिले ०.६ आणि ९.८१. उत्तर ९२ किलोन्यूटन. फिफ्थ व्हीलच्या पट्टीवर १५२ छापलेले. जोडणीचा दोष नव्हता. किंगपिनचा व्यास नवा असताना ५०.८ मिलिमीटर असतो. तो ४९ पर्यंत उतरला की बदलायचा. कॅलिपरने दोन दिशांनी मोजावा, कारण झीज ओढीच्या बाजूला जास्त होते.

नवा ट्रेलर जोडताना त्याची खालची पट्टी फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे घोडा मागे घेताना ट्रेलर थोडा उचलला जातो आणि किंगपिन जबड्यात सरळ शिरते. ट्रेलर उंच राहिला तर किंगपिन जबड्याच्या वर जाऊन बसते आणि लॉक लागल्याचा आवाजही येतो. म्हणून आवाजावर विसंबू नये. बॅटरी घेऊन खाली वाकावे. दोन पट्ट्यांमध्ये उजेड दिसता कामा नये, जबडा किंगपिनच्या मागे पूर्ण मिटलेला दिसला पाहिजे आणि लॉकची दांडी आत गेलेली असली पाहिजे. ट्रेलरचे ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये हलकी ओढ द्यावी. त्यानंतरच ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्यावेत.

लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. ४१.४ टन एवढ्या उंचीवरून उतरवणे म्हणजे सुमारे ६२ युनिट विजेएवढी ऊर्जा. हवेचा आणि टायरचा विरोध वजा जाता ती सगळी इंजिन आणि ब्रेक यांनी गिळायची असते. वजन नीट वाटले तरी ही ऊर्जा कमी होत नाही, फक्त प्रत्येक ड्रम आणि प्रत्येक टायर आपल्या ताकदीत काम करतो. उतार लागण्याआधी गिअर खाली घ्यायचा, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवायचा, आणि पायाचा ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडायचा. तो सतत टेकवून ठेवायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरवणारा ड्रायव्हर कितीही जुना असला तरी त्याच्या हाती ही गाडी देऊ नये.

फेरवजन

ट्रेलर बदलून, डबा ६.० मीटरवर बसवून, वाढीव पाटा काढून आणि ड्राइव्ह एक्सलला १४९/१४६ चे चारही टायर एकाच झिजेचे घालून गाडी पुन्हा त्याच काट्यावर घेतली. नवा ट्रेलरही रिकामा ६ टनांचाच, किंगपिन ते मधला एक्सल तेवढेच. ड्राइव्ह एक्सल १०.२ टनांच्या आसपास आला, म्हणजे टायरमागे सुमारे २,५५० किलो. आतल्या टायरना लांब नळीचे वाल्व लावले आणि हवा गाडी थंड असताना दोन्ही टायरची गेजने मोजायची ठरली. कारखान्याच्या भरणी विभागाला एक कागद दिला. त्यावर डब्याचा आडवा नकाशा, मधोमध रेघ, आणि जड पॅलेट त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्या ठेवण्याची सूचना. यार्डासाठी ट्रेलरच्या चासीवर पिवळ्या रंगाने बाण काढला: जड २० फुटी डबा इथे.

४० फुटी डबा आला तर हा बाण उपयोगाचा नाही. तो ट्रेलरभर पसरतो आणि त्याचा मध्य ५.२ मीटरवरच येतो, मागे सरकवायला जागा नसते. माल सारखा पसरलेला असेल तर या घोड्याला तो डबा २४.४ टनांपर्यंतच झेपतो. डब्याचे स्वतःचे ३.८ टन वजा केले की माल २०.६ टन. त्याहून जड ४० फुटी डब्याला तीन एक्सलचाच घोडा लावावा.